भर उन्हातली पांजणी

परवा एका लग्नासाठी मुंबईहून हैदराबादला गेलो, तेव्हा नातवाने मला विमानात खिडकीजवळ बसवलं. माझा पट्टा बांधून देता देता म्हणाला, "आजी, डुलकी काढू नकोस, सव्वा तासात उतरायचंय." मी म्हटलं, "आमच्या वेळी चार तास लागायचे." तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी रेल्वेबद्दल बोलतेय आणि तेही चुकीचं. रेल्वेने तर आजही सगळी रात्र जाते. मी काही समजावत बसले नाही. खाली ढग होते, सोलापूर काही दिसलं नाही, पण ते आता साधारण कुठे आलं असेल याचा अंदाज मला बरोबर होता. हा हिशेब मी वडिलांच्या शेजारी बसून शिकले आहे. त्यांनी आयुष्यात विमानात पाय ठेवला नाही, मुंबई पाहिली तीही एकदाच. तरी मुंबई ते हैदराबाद हे अंतर त्यांच्याइतकं मनाला लावून घेतलेला दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

सोलापूरच्या पूर्व भागात आमची गल्ली होती. दोन्ही बाजूंना विणकरांची बुटकी घरं आणि प्रत्येक घराच्या पुढच्या खोलीत माग. घरात आम्ही तेलुगू बोलायचो, गल्लीत मराठी, आणि समोरच्या महबूबचाचांशी बोलताना जीभ आपोआप दखनीकडे वळायची. चाचा रंगारी होते. त्यांचे हात कोपरापर्यंत कधी निळे, कधी हिरवे असत, आणि आज चाचांनी कुठला रंग उकळलाय हे आम्हां मुलांना त्यांच्या हातांवरून कळायचं. वडिलांना आम्ही नायना म्हणायचो, आईला अम्मा आणि माझ्या थोरल्या भावाला, अंबादासला, मी अन्ना म्हणायची. आमच्या पुढच्या खोलीत दोन माग शेजारी शेजारी होते, एक नायनांचा, एक अन्नाचा. दोघे चादरी विणायला बसले की खटाक-खट, खटाक-खट असा आवाज दिवसभर घरात असायचा. त्या आवाजात मला गाढ झोप लागे, आणि तो थांबला की जाग येई. अम्मा भिंतीशी चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसायची, चुलीवर अंबाडीची भाजी रटरटत असायची. आम्ही तिला पुंटीकूर म्हणतो. ती भाजी, ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी. इतकी वर्षं झाली, देशोदेशीचं खाल्लं, पण भूक लागली म्हणजे मला अजून तेच ताट दिसतं.

पांजणीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मागावर चढवण्याआधी ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, खळ लावावी लागते. त्यासाठी सगळा ताणा गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूंच्या घोड्यांवर ताणून धरायचा, त्यावर पातळ खळ शिंपडायची आणि लांब कुंच्यांनी ती धाग्याधाग्यात फिरवायची. हे काम पहाटेचं. ऊन चढायच्या आत ते उरकलंच पाहिजे, कारण उन्हात खळ भसकन वाळते, सूत कडक होतं आणि मागावर चढवलं की पटापट तुटतं. आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. नायना तर पांजणीचे गुरूच. दुसऱ्याच्या ताण्यावर नुसता हात फिरवून ते सांगायचे, "उशीर झाला तुला." त्या माणसाची मान खाली जायची.

अन्नाचे हात मागावर असत आणि कान रस्त्याकडे. एखादी मोटार लांबून आली तरी आडवं सूत नेणारा याचा धोटा थांबायचा. गिरणीचा भोंगा झाला की हा माग सोडून गिरणीच्या फाटकाशी जाऊन आतल्या यंत्रांचा आवाज ऐकत उभा राहायचा. नायना ओरडायचे, "धोट्याकडं बघ की! रस्त्याकडं काय हाय?" एका वर्षी माझा मामा चादरींचे गठ्ठे घेऊन मुंबईला विकायला निघाला, तेव्हा मदतीला अन्नाला घेऊन गेला. परत आला तो एकटाच. आमचा मामा म्हणजे बोलका माणूस, कुर्डुवाडीच्या फलाटावरच्या चहाचं वर्णन करायला त्याला अर्धा तास लागायचा. पण त्या दिवशी तो दारातच उभा राहिला आणि कसंबसं म्हणाला, "मोटारीच्या कारखान्यात ऱ्हायलाय. म्हनतोय, माग आपल्याला जमत न्हाय."

नायनांनी हातातला धोटा खाली ठेवला. मग म्हणाले, "आजपासनं त्याचं नाव ह्या घरात कुणी काढायचं न्हाय. त्याचं तोंड मी बगणार न्हाय." त्यांनी आतून गोणपाट आणलं आणि अन्नाच्या मागावर घातलं. मामाशीही ते बोलेनासे झाले. मामा यायचा, अम्माशी बोलायचा, नायना पाठ करून विणत राहायचे. पण अन्नाचा तो माग विकत घेतो म्हणून कुणी विचारायला आलं तर नायना त्याला दारातूनच वाटेला लावत. दसऱ्याला त्यांनी गोणपाट बाजूला सारून त्या मागालाही हळदकुंकू वाहिलं. मी बघतेय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "मागावर काय राग हाय?" मला तेव्हा नायना फार कठोर वाटत. आज माझी स्वतःची मुलं तीन दिशांना पांगल्यावर कळतं की तो माणूस रागावला नव्हता, घाबरला होता. मुंबई त्याला समुद्रापलीकडची वाटत होती.

त्याच सुमारास आमच्या आभाळात विमान यायला लागलं. टपालाचं विमान ते. मुंबईला जुहूच्या मैदानावरून सकाळी निघायचं आणि हैदराबादला जायचं. पहिल्यांदा त्याचा आवाज आला तेव्हा गल्लीतली सगळी माणसं बाहेर आली, शेजारची म्हातारी हात जोडून उभी राहिली, आणि महबूबचाचांनी हातातलं हिरवं सूत चुकून लाल रंगाच्या कढईत सोडलं. पुढे सवय झाली. आठवड्यातल्या ठरलेल्या दिवशी, दुपारच्या भोंग्याच्या आगेमागे, ते यायचं. मात्र नेमाने यायचं असं नाही. कधी अगदी डोक्यावरून जाई, कधी उत्तरेला लांब नुसता आवाज होई, आणि कधी काहीच नसे. असं का, हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि तोवर आमचं त्यावाचून अडलंही नव्हतं.

उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या दिवशी अम्माने कडुनिंबाचा फुलोरा, कैरी, गूळ आणि चिंच घालून पच्चडी केली होती. वाट्या भरताना तिने नेहमीप्रमाणे एक वाटी जास्त भरली आणि नेहमीप्रमाणे ती चुलीमागे झाकून ठेवली. तेवढ्यात मामा आला, नुकताच मुंबईहून परतलेला. तो अम्माशी बोलू लागला, पण आवाज असा की शेजारच्या गल्लीतही ऐकू जावा. "आक्का, तुझा ल्योक आता जुहूला हाय. इमानाच्या मैदानावर! इंजिन पुसतोय, पेट्रोल भरतोय, पंखा फिरवून चालू करून देतोय. सायेब लई खूश हाय त्याच्यावर. अन् आता पुढच्या खेपेला त्याला इमानात बसवून हैदराबादला नेणार हायेत. तितं कसली तरी दुरुस्ती हाय म्हणं." अम्माच्या हातातला डाव तसाच राहिला. "इमानात? बसून?" मामा म्हणाला, "मग काय लोंबकळून? आपण रेल्वेनं गेलो तर रात्र अन् वर निम्मा दिवस. ह्यो चार तासांत हैदराबादला!"

पुढच्या खोलीतली खटाक-खट थांबली. नायना दारात येऊन उभे होते. इतक्या दिवसांत ते मामाशी पहिल्यांदाच बोलले. "चार तासांत? कुठल्या वाटेनं?" मामा इतका गडबडला की त्याच्या हातातली पच्चडी सांडली. "वाट कसली भावजी? आभाळात वाट असती व्हय? सरळ जायाचं." नायना परत मागावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा त्यांनी मला हाक मारली. "रुक्मे, तुझ्या पुस्तकात नकाशा हाय न्हवं?" मी भूगोलाचं पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरलं. "मुंबई दाव. आता हैदराबाद दाव." त्यांना अक्षरं वाचता येत नव्हती. त्यांनी कांडीवरचं बारीक सूत तोडलं, एक टोक मला मुंबईवर दाबून धरायला लावलं आणि दुसरं टोक हैदराबादवर नेऊन ताणलं. ताणलेल्या सुतावर त्यांचा जन्मभराचा विश्वास. "आता सोलापूर दाव." मी बोट ठेवलं. सूत सोलापूरवरून जात नव्हतं, बरंच वरून जात होतं. मी जवळचं नाव वाचलं, "बार्शी." नायना त्या धाग्याकडे बघत राहिले. मला त्यांचं तोंड बघवेना. मी म्हटलं, "पन नायना, आपल्या डोक्यावरनं जातंय की कदीमदी!" त्यांनी मान वर केली, खांद्यावर पंचा टाकला आणि थेट मामाचं घर गाठलं. अन्ना गेल्यापासून त्या घराची पायरी ते चढले नव्हते.

मामाला अन्नाने सांगितलं होतं ते असं. हवा स्वच्छ असली की पायलट सरळ जातो, बार्शीवरून. पण धुरळ्याने खालचं नीट दिसेनासं झालं तर वाट चुकू नये म्हणून तो रेल्वेचे रूळ धरून जातो, पुणं, कुर्डुवाडी, सोलापूर, वाडी जंक्शन. थोडा वळसा पडतो, पण चुकत नाही. हे कळल्यापासून नायना रोज सकाळी उठून आधी पश्चिमेकडे बघू लागले. आभाळ निळंशार असलं की त्यांचं तोंड उतरायचं. अम्मा मला हळूच म्हणायची, "बघ, तोंड बगणार न्हाय म्हनले हुते." ती हसायची आणि पदराने डोळेही पुसायची. त्याच दिवसांत ते महबूबचाचांकडे सूत रंगवायला घेऊन गेले आणि म्हणाले, "लाल पायजे. लांबनं दिसंल असा." चाचांनी दिला तो रंग बघून अम्मा म्हणाली, असली भडक चादर कोण अंगावर घेईल! नायनांनी ते सूत वाळत घातलं.

अन्नाचं विमान जायच्या दिवशी पहाटे गल्लीत नेहमीप्रमाणे पांजण्या झाल्या. नायनांनी आपला लाल ताणा बाहेर काढलाच नाही. दुसऱ्यांना हातभार लावला, घोडे उचलून दिले, आणि ओट्यावर येऊन बसले. आभाळ अगदी निवळ होतं. अम्माने दोनदा विचारलं, "आज आपली पांजणी न्हाय?" ते पश्चिमेकडे बघत राहिले. ऊन चढलं, लोक घरात गेले, चैत्रातलं सोलापूरचं ऊन ते, गल्लीची माती तापली. आणि मग वारा सुटला. पश्चिमेकडचं आभाळ हळूहळू मातकट झालं, धुरळा इतका उठला की गिरणीचं धुराडं दिसेना. धुरळा बघून खूश झालेला विणकर मी आयुष्यात तो एकच पाहिला. नायना ताडकन उठले आणि एकटेच बांबूचे घोडे गल्लीत मांडायला लागले.

महबूबचाचा धावत बाहेर आले. "नक्को लक्ष्मय्या, नक्को! इत्ती धूप में ताणा? सूत जलता रे!" नायना म्हणाले, "आजच करायचंय." माणसं दारांत गोळा झाली. कुणी म्हणालं उन्हाने डोकं फिरलं, कुणी म्हणालं ज्याने आम्हांला शिकवलं तोच असं करतोय. एवढ्यात चाचांचं लक्ष त्या लाल सुताकडे गेलं, मग आभाळाकडे, मग परत सुताकडे. "इस वास्ते बोल्या क्या तू, दूर से दिखना बोलके?" नायनांनी मान हलवली. चाचांनी लुंगी वर खोचली आणि गल्लीकडे वळून हाका मारल्या, "आओ रे सब! खळ लाओ, पानी लाओ!" आणि सगळे आले. बायका एरवी कुंच्याला हात लावत नसत, पण त्या दिवशी सर्वांत आधी कुंचा घेतला तो अम्माने. भर उन्हात ती लाल पट्टी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणली गेली. खळ लावली की वाळत होती, वाळली की पुन्हा पाणी शिंपडायचं. घाम पुसायला कुणाला सवड नव्हती. का करतोय हे सगळ्यांना कळलं होतं, पण नायनांनी घातलेली बंदी मोडून अन्नाचं नाव कुणीही काढलं नाही. त्या गल्लीचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडणार आहे?

मग आवाज आला. आधी बारीक, मग मोठा. धुरळ्यातून विमान बाहेर आलं ते रुळांच्या अंगाने, नेहमीपेक्षा कितीतरी खालून. सगळ्यांच्या माना वर गेल्या. नायनांची गेली नाही. तोंड बघणार नाही म्हणाले होते ना! ते खाली वाकून कुंचा फिरवतच होते, मात्र कुंचा एकाच जागी फिरत होता. विमान आमच्यावरून पुढे गेलं.  आणि एकदम त्याचा पंख कलला, ते वळलं, आणि गल्लीवरून पुन्हा एकदा गेलं. खिडकीत काहीतरी पांढरं हललं. मी ओरडले, "अन्ना! अन्ना!"

खालीच बघत नायनांनी विचारलं, "हात हलवतोय का?"

"व्हय नायना!"

"बारीक झालाय का गं?"

आता एवढ्या उंचावरचं मला काय दिसणार! पण मी म्हटलं, "न्हाय नायना, चांगला हाय." त्यांनी पंच्याने तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं, आणि तोवर विमान वाडीच्या दिशेने धुरळ्यात गेलं.

तो ताणा वाया गेल्यातच जमा होता. मागावर चढवल्यावर दर हाताला धागा तुटे. दुसऱ्या कुणाचा असता तर नायनांनी तो फेकून द्यायला सांगितलं असतं. पण स्वतः मात्र न चिडता, तुटेल त्या धाग्याला गाठ मारून पुढे विणत राहिले. चादरीवर गाठीच गाठी. अशाच एका दुपारी ते गाठ मारत होते, मी शेजारी बसले होते, आणि दारात अन्ना येऊन उभा राहिला. हैदराबादचं काम संपवून रेल्वेने मुंबईला परत जाताना तो मधेच उतरला होता. अम्मा आतून धावत आली, पण नायनांकडे बघून उंबऱ्यातच थांबली. अन्नाही आत येईना. नायनांची पाठ दाराकडे होती. ती त्यांनी वळवली नाही.

"वरनं दिसलं का?" त्यांनी विचारलं.

"दिसलं, नायना."

"गल्ली वळखलीस?"

"न्हाय. वरनं समद्या गल्ल्या सारख्याच दिसत्यात. त्यात एक लाल पट्टा दिसला. सायबाला म्हटलं, ते आमचं घर. सायेब म्हनला, कशावरनं? म्हटलं, असल्या उन्हात कुणी इनकर ताणा काढत न्हाय. काढलाय म्हंजे माज्यासाठीच काढलाय."

नायनांनी हातातला धागा सोडला. मागावरून ते पूर्ण वळले आणि अन्नाकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "रुक्मे, तू तर चांगला हाय म्हनली हुतीस. ह्यो बघ किती बारीक झालाय!" अम्मा मोठ्याने हसली आणि हसता हसता रडायला लागली. अन्नाने वाकून नायनांचे पाय धरले. अम्माने त्याला ओढतच चुलीपुढे नेलं. पुंटीकूर होतीच, भाकऱ्या गरम थापल्या, आणि तो जेवत असताना नायना समोर बसून एकेक घास मोजल्यासारखा बघत होते. मागावर परत बस असं ते एका शब्दानेही म्हणाले नाहीत. दुसऱ्या मागावरचं गोणपाट त्यांनी त्याच दिवशी काढलं, आणि पुढे तो माग अम्मा चालवायला शिकली. आमच्या भागातल्या बायका त्यावरून तिला पुष्कळ चिडवायच्या, आणि ती चिडायची नाही.

संध्याकाळच्या गाडीला अन्नाला पोचवायला आम्ही सगळे सात रस्ता चौकापर्यंत चालत गेलो. मामा होता, चाचाही होते.  स्टेशनला जाणाऱ्या टांग्यात अन्ना चढल्यावर त्यांनी टांग्याचा दांडा धरला आणि विचारलं, "परवा हितनं पुढं गेल्यावर हैदराबादला किती वेळानं उतरलास?"

"दोन तास लागले असतील."

"अन् मुंबईस्नं हितवर?"

"तेवढंच, नायना. दोन तास."

नायनांनी दांडा सोडला. त्यांचा चेहरा असा मोकळा झालेला मी अन्ना गेल्यापासून पाहिला नव्हता. "दोन तास," ते स्वतःशीच म्हणाले. मग अन्नाच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "आरं, मग लांब कुटं गेलायस तू?"